पावसाचं माप घेणारे मास्तर

सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, पण त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. कपडे शिवणारा माणूस मास्तरच असतो, म्हणून मास्तर. अडतीस वर्षं एकाच दुकानात, एकाच मशीनसमोर बसून त्यांनी गावाच्या तीन पिढ्यांची अंगं मोजली. कोण खरंच बारीक झालाय आणि कोण नुसतं तसं सांगत फिरतोय, हे गावात दोघांनाच कळायचं, डॉक्टरांना आणि मास्तरांना. त्यातही डॉक्टरांचा वजनकाटा अधूनमधून रुसायचा. मास्तरांचा टेप कधी रुसला नाही.

गिऱ्हाईक टेपसमोर उभं राहिलं की पहिली गोष्ट करतं ती म्हणजे श्वास ओढून पोट आत घेतं. सदतीसची कंबर बघता बघता पस्तिसावर येते आणि तिचा मालक छताकडे बघत राहतो, जणू जन्मापासून तो असाच आहे. मास्तर कधी हुज्जत घालत बसले नाहीत. टेप म्हणेल त्यात गुपचूप तीन मिळवायचे आणि वहीत लिहायचे. शिवणीच्या आत थोडं कापड जास्तीचं सोडायचं, म्हणजे उद्या माणूस सुटला तरी उसवून वाढवता येतं. या जास्तीच्या कापडाला शिंपी लोक ‘माया’ म्हणतात. बाकीचे शिंपी कापड कापताना माया सोडतात, मास्तर आकडा लिहितानाच सोडायचे. त्यांच्या हातचा कपडा कुणाला घट्ट झाला, असं कधी घडलं नाही.

साठी उलटली आणि डोळ्यांनी दगा दिला. आधी सुईत दोरा जाईना. मग बँकेतल्या एका अधिकाऱ्याच्या पँटचे दोन्ही खिसे वरून शिवले गेले. तो बिचारा दोन दिवस हात कुठे घालावा हे शोधत राहिला, पण संकोचानं बोलला नाही. शेवटी शाळेच्या मुख्याध्यापकांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या आणि त्या कोटात सर सभेला उभे राहिले, ते कुणाला तरी सतत एकीकडे चला म्हणून खुणावत असल्यासारखे दिसले. त्याच संध्याकाळी मास्तरांनी मशीनवर चादर टाकली आणि दुकान बंद केलं. डोळ्यांचं ऑपरेशन पुढे झालं, चांगलं झालं, पण हातातली धार गेली ती गेलीच.

खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली, आणि ती झाली त्यांच्या बायकोची. तिला सगळी गल्ली काकू म्हणायची.

मास्तरांच्या गळ्यातला टेप काही सुटेना. सकाळी उठून ते खिडकी मोजायचे. मग खिडकीचा पडदा. मग दोन्ही जुळत नाहीत म्हणून पुन्हा खिडकी. स्वयंपाकघरातली मांडणी एका बाजूला पाव इंच झुकली आहे, हा शोध त्यांनी भरल्या मांडणीवर लावला आणि सिद्ध करताना तीन कप फोडले.

“अहो, तुम्ही दुकानात जात होतात तेव्हा मला वाटायचं, घरी असलात तर किती बरं होईल,” काकू म्हणाल्या. “देवानं ऐकलं. आता त्याला म्हणावं, माझं चुकलं.”

“अगं, मी काय त्रास देतो?”

“काल झोपेत माझी उंची मोजलीत.”

“पूर्वी पाच फूट दोन होतीस. आता दीड आहेस. सांगायला नको?”

नेमक्या त्याच दिवशी शाळेतल्या विज्ञानाच्या बाई प्रयोगशाळेचा अ‍ॅप्रन आखूड करून घ्यायला आल्या. दुकान बंद असलं तरी काठ दुमडण्याची कामं मास्तर घरी करत. बाई चहा पिईपर्यंत काकूंनी त्यांच्यापुढे सगळं गाऱ्हाणं ओतलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, माणसं झाली, भांडी झाली. आता हवा मोजा की. ती पोट आत ओढत नाही आणि कप फोडत नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या कपाटात पडून असलेले दोन थर्मामीटर आणून दिले. एकावरचे निम्मे आकडे पुसले गेले होते. मास्तरांनी ते बारीक ब्रशनं पुन्हा लिहून काढले, आणि घरातले कप वाचले.

सुरुवात मात्र फजितीनं झाली. थर्मामीटर त्यांनी बाल्कनीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला खिळा मारून टांगला. दुपारी तीन वाजता पारा एक्कावन्न अंशांवर! मास्तर धावतच खाली गेले आणि तळमजल्यावरच्या लाँड्रीवाल्याला म्हणाले, “दुकान बंद कर, घरी जा, पाणी पी. एक्कावन्न आहे!” लाँड्रीवाला तसाही इस्त्रीपुढे उभा राहून कंटाळला होता. त्यानं तत्काळ शटर ओढलं. अर्ध्या तासात गल्लीतली चार दुकानं बंद. शाळा सुटल्यावर बाई आल्या तर रस्त्यावर चिटपाखरू नाही.

त्यांनी भिंतीला हात लावून बघितला. “मास्तर, ताप भिंतीला आलाय, हवेला नाही. भर उन्हात विटांना टेकून उभं केलंत तर कुणीही एक्कावन्नच सांगेल. थर्मामीटर सावलीत हवा, चारी बाजूंनी वारा लागायला हवा आणि जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर हवा.”

“छाती कुणाची?” मास्तरांनी विचारलं. धंद्याचा प्रश्न होता.

“तुमचीच धरा.”

मग मास्तर पेटले. जुन्या खिडक्यांच्या झडपा मिळवून त्यांनी एक पेटी केली, बाहेरून पांढरी रंगवली आणि इमारतीच्या मागच्या मोकळ्या अंगणात चार पायांवर उभी केली. झडपांमधून वारा आत जाई, ऊन जात नसे. दार उत्तरेकडे, म्हणजे उघडलं तरी ऊन पाऱ्यावर पडायला नको. आत दोन्ही थर्मामीटर शेजारी शेजारी. एक कोरडा, आणि दुसऱ्याच्या टोकाला ओलं कापड.

कापडाच्या निवडीला आठ दिवस गेले. बाई म्हणाल्या, कुठलंही पातळ सुती चालेल. ‘कुठलंही’ हा शब्द शिंप्यापुढे उच्चारू नये. मास्तरांनी सात चिंध्या ओल्या करून दोरीवर टांगल्या, कुठली किती वेळात वाळते ते घड्याळ लावून बघितलं आणि शेवटी मऊ मलमल निवडली. तिची बोटभर पिशवी हातानं शिवून, खालचं टोक पाण्याच्या वाटीत सोडलं. विशेष म्हणजे पिशवीला आतून दुहेरी शिवण होती. “उसवायला नको,” मास्तर म्हणाले.

ओल्या कापडातलं पाणी उडून जाताना गारवा देतं, तापलेल्या कपाळावर ओली घडी ठेवल्यासारखं. म्हणून ओल्या थर्मामीटरचा पारा कोरड्यापेक्षा खाली असतो. हवा कोरडी असेल तर पाणी भराभर उडतं आणि दोघांत फरक जास्त पडतो. हवा दमट असेल तर दोघे जवळजवळ बरोबरीनं उभे. हे मास्तरांना कळायला एक दिवस लागला आणि लाँड्रीवाल्याला एक मिनिट.

“म्हणजे फरक जास्त, तर चादरी लवकर वाळणार?” त्यानं विचारलं.

“हो.”

“आणि फरक कमी, तर जाड कपडे भिजवायचेच नाहीत?”

“शहाणा आहेस.”

त्या दिवसापासून लाँड्रीवाला रोज सकाळी खालून ओरडायचा, “मास्तर, फरक किती?” वरून उत्तर यायचं, “सात!” की त्या दिवशी चादरी. “दोन!” आलं की रुमाल. नव्यानं राहायला आलेल्या एका कुटुंबाला पुष्कळ दिवस वाटत होतं की या दोघांचं काहीतरी जुनं भांडण आहे आणि ते आकड्यांत चालतं.

पेटीत गारवा आणि वारा दोन्ही असल्यामुळे काकूंना ती फार आवडली. त्यांनी तिच्यात मोजे वाळत घालायला सुरुवात केली. तीन दिवस पेटी हवा फारच दमट का दाखवते, याचं कारण मास्तर आभाळात शोधत होते.

पावसाचं माप घ्यायला त्यांनी आधी एक मोठ्या पोटाची, बारीक गळ्याची बाटली ठेवली. दणदणीत सर येऊन गेली तरी आत पाणी बोटभरसुद्धा नाही. बाईंनी समजावलं, “पाऊस तोंडातून आत जाणार. तोंड जेवढं रुंद तेवढंच पोट रुंद हवं, तर उंची खरी कळेल.” मास्तरांना लगेच पटलं. गळा चौदाचा आणि घेर छपन्नचा असला की माप चुकणारच. मग एक सरळ उभा पत्र्याचा डबा आला, आणि त्यात दुकानातली पोलादी पट्टी बुडवून मिलिमीटर वाचायचे, असं ठरलं. पट्टी पेटीच्या आत खिळ्याला टांगलेली असे.

वाऱ्यासाठी मात्र मास्तरांनी कुणालाच विचारलं नाही. विमानतळावर कापडी बाही फडफडते, हे त्यांनी चित्रात बघितलं होतं. बाही शिवायला त्यांना कुणी शिकवायला नको होतं, पण दुकानात गिऱ्हाइकांनी न नेलेल्या कपड्यांचं एक गाठोडं होतं आणि त्यात एक करड्या रंगाची, पांढऱ्या रेघांची पँट होती. तिचा उजवा पाय जणू याच कामासाठी जन्माला आला होता. तो मांडीपासून कापून, वरच्या तोंडाला तारेचं कडं घालून त्यांनी गच्चीवरच्या खांबाला बांधला. लोंबला तर वारा नाही, अर्धा उचलला तर बरा वारा, आडवा झाला तर जोराचा.

पँट नगरपालिकेच्या इंजिनियर साहेबांची होती. हे मास्तरांना माहीत होतं, आपला पाय गच्चीवर फडफडतो आहे हे साहेबांना माहीत नव्हतं. पाण्याच्या टाकीची तक्रार बघायला ते एकदा गच्चीवर आले आणि वर बघून थबकले.

“ही माझी पँट आहे.”

“होती,” मास्तर म्हणाले. “चार वर्षं झाली साहेब. मी दोनदा निरोप पाठवला होता.”

“म्हणून कापायची?”

“एकच पाय कापलाय. दुसरा अगदी शाबूत आहे.”

“एका पायाचं मी काय करू?”

मास्तरांनी साहेबांकडे वरपासून खालपर्यंत, धंद्याच्या नजरेनं बघितलं. इथं गप्प बसायला हवं होतं. पण अडतीस वर्षांची सवय. “तशीही आता ती तुम्हाला झाली नसती, साहेब,” ते म्हणाले. “कमरेत पाच इंच कमी पडतायत.”

साहेबांनी पोट आत ओढलं आणि टाकी न बघताच ते खाली उतरले.

सगळ्या नोंदी मास्तर जुन्या ऑर्डरच्या वहीत करायचे. तिच्यावर रकाने छापलेले होते: छाती, कंबर, उंची, बाही. वही कोरी पडून होती, दुसरी कशाला आणायची? छातीखाली दुपारचं तापमान, कंबरेखाली सकाळचं, उंचीखाली पाऊस, बाहीखाली वारा. दर पानाच्या डोक्यावर ‘गिऱ्हाइकाचे नाव’ असं छापलेलं असे, तिथे ते वार आणि तारीख घालायचे. म्हणजे कुणी वही उघडली तर ‘मंगळवार’ नावाच्या कुणा माणसाची छाती छत्तीस आणि कंबर चोवीस आहे असं दिसायचं. चांगला व्यायाम करणारा माणूस वाटे.

एव्हाना लोक उद्याचं विचारू लागले होते. उद्या पाऊस येईल का, परवा छत्री न्यावी का. मास्तर सांगायचे, “मी घडलेलं मोजतो. घडणारं मला कळत नाही.” पण लोकांनी भविष्य विचारत राहावं आणि माणसानं सांगू नये, हे किती दिवस चालणार? एके दिवशी त्यांनी काचेच्या बरणीच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून बांधलं, त्यावर मधोमध एक काडी चिकटवली आणि मागे कागदावर रेघा मारल्या. बाहेर हवेचा दाब कमी झाला की रबर फुगून वर येतं आणि काडीचं बाहेरचं टोक खाली जातं. दाब एकदम पडला तर समजावं, वादळ येतंय.

“हवेचा दाब बघताय ते ठीक,” काकू म्हणाल्या. “माझा शेवटचा कधी बघितला होता?”

आठच दिवसांत एका सकाळी काडी सरसर खाली गेली. मास्तरांनी डोळे चोळले. काडी आणखी खाली. ते बाल्कनीत आले आणि ज्या माणसानं जन्मात कधी आवाज चढवला नव्हता तो ओरडला, “वादळ येतंय! सगळं आत घ्या!”

गल्ली विश्वासू होती. लाँड्रीवाल्यानं साठ ओल्या चादरी आत नेल्या. कुंड्या आत गेल्या, सायकली आत गेल्या, एका आजोबांना खुर्चीसकट आत नेण्यात आलं. मग सगळे खिडक्या लावून बसले. बाहेर इतकं लख्ख, सोनेरी ऊन पडलं की तसं ऊन त्या महिन्यात दुसऱ्या दिवशी पडलं नाही. आतल्या चादरींना संध्याकाळपर्यंत कुबट वास सुटला.

बरणी कुठे ठेवली होती, हे बाईंनी येऊन विचारलं. स्वयंपाकघरात. ओट्यावर. आणि काकूंनी त्या सकाळी पहिल्यांदाच शेगडी तिच्याजवळ सरकवून मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं होतं. बरणीतली हवा तापून फुगली, रबर वर आलं, काडी खाली गेली. वादळ होतं ते एवढंच.

मास्तर चार दिवस बाल्कनीत आले नाहीत. “फरक किती?” असा प्रश्न खालून आला की काकू जाऊन बघायच्या आणि उत्तर द्यायच्या. पाचव्या दिवशी मास्तरांनी बरणी रिकामी करून तिच्यात बटणं भरली आणि पुन्हा वही उघडली. यापुढे फक्त घडलेलं.

आणि मग त्या मंगळवारी खरंच काहीतरी घडलं.

दुपारी तीनला ढग भरून आले, तीन ते चार पाऊस झाला आणि थांबला. जोराचा होता, पण आभाळ कोसळावं असा काही नव्हता. तरी साडेचारला गल्लीत गुडघाभर पाणी. लाँड्रीत इस्त्री करून ठेवलेले दीडशे कपडे पुन्हा धुतले गेले, तेही गटाराच्या पाण्यानं. समोरच्या वाचनालयात खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं फुगून कपाटात अशी बसली की ती अजूनही निघत नाहीत. दोन दिवसांनी नगरपालिकेच्या फलकावर इंजिनियर साहेबांच्या सहीचं पत्रक लागलं: ‘एका तासात शंभर मिलिमीटर असा अभूतपूर्व पाऊस झाल्याने पाणी तुंबले. भूमिगत गटारात कोणताही दोष नाही.’

लाँड्रीवाला तडक वर आला. “मास्तर, मंगळवारी उंची किती?”

मास्तरांनी वही काढली. “चौतीस.”

“शंभर नाही?”

“शंभर झाला असता तर डबा भरून वाहिला असता. डब्याचीच उंची नव्वद आहे.”

झालं. गल्लीनं अर्ज केला, नगराध्यक्षबाईंनी सभा बोलावली, आणि मास्तर आयुष्यात पहिल्यांदा सभागृहात, इस्त्रीचा सदरा घालून, काखेत वही धरून पुढच्या रांगेत बसले. घाम पुसायला त्यांनी खिशात हात घातला तर हातात टेप आला. त्यांनी त्यानंच घाम पुसला.

“तुमची नोंद वाचा,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

मास्तर उभे राहिले. “मंगळवार. छाती अडतीस. कंबर पंचवीस. उंची चौतीस. बाही आडवी.”

“हे कुणाचं वर्णन आहे?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

विज्ञानाच्या बाईंनी उठून रकान्यांचा उलगडा केला तेव्हा लोक हसू लागले, आणि इंजिनियर साहेबांना जोर आला. “हे असले पुरावे!” ते म्हणाले. “एक निवृत्त शिंपी पत्र्याच्या डब्यात पट्टी बुडवतो आणि नगरपालिकेला खोटं पाडतो! मास्तर, छातीवर हात ठेवून सांगा, तुमचं माप अगदी अचूक आहे?”

“अडतीस वर्षांत माझं माप चुकलेलं नाही,” मास्तर म्हणाले.

मागच्या रांगेतून आवाज आला, “चुकलंय.”

सगळ्यांनी वळून बघितलं. काकू उभ्या होत्या. हातात स्वयंपाकघरातलं कॅलेंडर गुंडाळी करून धरलेलं.

“चौतीस नाही, एकतीस,” काकू म्हणाल्या. “पाऊस थांबल्यावर तुम्ही घरात वही शोधत होतात तोवर मी खाली जाऊन बघून आले होते. पट्टी एकतीसला ओली झाली होती. इथं लिहून ठेवलंय.”

मास्तर गर्रकन वळले. “तू... बघतेस?”

“रोज. तुमच्या आधी. आधी सहज बघितलं, मग सवय लागली. भाजीत मीठ पडलंय का बघतो, तसं.” त्यांनी कॅलेंडर उलगडलं. गॅसचं सिलिंडर कधी लावलं, दाताच्या डॉक्टरांकडे कधी जायचंय, यांच्या मधल्या जागेत बारीक अक्षरांत आकडेच आकडे. “पाच तारखेला माझे बारा, यांचे पंधरा. नऊला माझे सहा, यांचे नऊ. नेहमी तीन जास्त.”

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. “म्हणजे अख्खी वही खोटी!”

मास्तरांनी पट्टी आठवली, पट्टीवरची ओली रेघ आठवली, मग वही, मग पेन धरलेला आपला हात. आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं. चेहरा कानापर्यंत लाल झाला.

“खोटी नाही साहेब,” ते हळूच म्हणाले. “मी... माया सोडली.”

“काय सोडलं?”

“शिवणीत सोडतात ना, थोडं जास्तीचं. गिऱ्हाईक पोट आत ओढतं म्हणून मी लिहिताना आकडा वाढवायचो. अडतीस वर्षं. हाताला वळण पडलंय. मला कळलंसुद्धा नाही.”

“अहो, पण पाऊस कुठे पोट आत ओढतो!” काकू म्हणाल्या.

सभागृह असं हसलं की खिडकीवरची कबुतरं उडाली. अध्यक्षबाईंनी तोंडापुढे फाइल धरली. मास्तर खाली मान घालून उभे होते. त्यांना वाटत होतं, या क्षणी आपल्याला कुणीतरी घडी घालून कपाटात ठेवावं.

“ज्या दिवशी पाऊस नव्हता, त्या दिवशीही तीन लिहिलेत का?” विज्ञानाच्या बाईंनी विचारलं.

“छे! जिथं कापडच नाही तिथं माया कसली?”

“मग झालं,” बाई अध्यक्षबाईंकडे वळल्या. “चूक आहे, पण दर वेळी तेवढीच आहे. पावसाच्या प्रत्येक दिवसातून तीन वजा केले की वही सरळ. आणि मंगळवारचा पाऊस एकतीस धरला तर साहेबांची बाजू आणखी पडते. म्हणजे आणखी कमी पावसात पाणी तुंबलं.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. अध्यक्षबाई म्हणाल्या, “शंभरचा आकडा आपल्या कार्यालयानं कशावरून काढला? आपल्याकडे पर्जन्यमापक आहे ना?”

“आहे की,” कोपऱ्यातला कारकून उत्साहानं उठला. त्याला वाटलं, इथं कार्यालयाची अब्रू वाचवायला हवी. “चांगलं पितळी आहे. साहेबांच्या दाराशीच असतं. आम्ही सगळे त्यात छत्र्या ठेवतो. मंगळवारी तर काठोकाठ भरलं होतं!”

यानंतर चर्चा फार लांबली नाही. गटार उघडायचं ठरलं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी झाकण निघालं तेव्हा अख्खी गल्ली भोवती उभी होती. आधी निघाली ती दगड झालेली सिमेंटची गोणी. नगरपालिकेच्याच कामगारांनी दुरुस्तीच्या वेळी आत विसरलेली. साहेब आभाळाकडे बघू लागले. लाँड्रीवाला छाती काढून पुढे आला आणि काहीतरी लागट बोलणार, तेवढ्यात गोणीच्या मागून कामगारानं गुंडाळलेला पांढरा गोळा ओढून काढला. उलगडला तर चादर. कोपऱ्यावर लाल दोऱ्यानं लाँड्रीची खूण.

“ही इथं कशी आली?” लाँड्रीवाला पुटपुटला.

मास्तरांनी वही चाळली. “सतरा तारीख. बाही आडवी. त्या दिवशी तुझी एक चादर उडाल्याचं तूच सांगत होतास.”

पुढचे दोन दिवस साहेब आणि लाँड्रीवाला एकमेकांना चहा पाजत होते, आणि गल्लीत या विषयावर कुणी चकार शब्द काढला नाही.

सभेहून घरी येताना मात्र मास्तरांनी अर्ध्या रस्त्यात वही काखेतून काढून बघितली. मग म्हणाले, “इतके दिवस बघत होतीस, तर सांगितलं का नाहीस?”

“सांगणार होते. पण पहिल्यांदा बघितलं तेव्हा तुम्ही वादळाच्या दुःखात होतात. नंतर म्हटलं, असतील तीन जास्त. कुणाचं काय बिघडतंय?”

“मग आज का सांगितलंस? चारचौघांत?”

“त्यांनी अचूक का म्हणून विचारलं, आणि तुम्ही हो म्हणालात.” काकू थांबल्या, पदर सावरला. “तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होतात, तेही नकळत. मला बघवेना.”

मास्तरांनी आणखी चार पावलं टाकली. “डोळे चांगले आहेत तुझे,” ते म्हणाले.

“आहेतच. दुकानात बसवलं असतंत तर दोन डाव्या बाह्या लागल्या नसत्या.”

मास्तरांनी ती सगळी वही पुन्हा लिहून काढली. कॅलेंडर शेजारी ठेवून, एकेक आकडा लाल शाईनं दुरुस्त करत. तीन आठवडे लागले. काकू समोर बसून वाचायच्या आणि ते लिहायचे, आणि दर पाच-सहा ओळींनी काकू म्हणायच्या, “हात बघा, हात! वाढवताय!”

नगरपालिकेनं छत्र्या काढून पितळी पर्जन्यमापक मास्तरांच्या अंगणात पांढऱ्या पेटीशेजारी बसवलं आणि महिन्याच्या महिन्याला नोंदी पाठवा, असं पत्र दिलं. इंजिनियर साहेबांनी सही करताना खाली स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली होती: ‘कृपया छापील तक्ताच वापरावा.’ मास्तरांनी पत्र काचेत लावलं. आता काकू पट्टी वाचतात आणि मास्तर लिहितात, असं दोघांत ठरलंय.

पहिल्याच महिन्यात एक भांडण झालं. एका सकाळी काकू दूध आणायला गेल्या तेव्हा चष्म्यावर चार थेंब पडले. पर्जन्यमापक मात्र कोरडं ठणठणीत.

“पाऊस पडला,” काकू म्हणाल्या. “लिहा.”

“मापात नाही. शून्य.”

“माझा चष्मा ओला झाला, ते काय मग?”

“चष्मा हे काही मापक नाही.”

“अचूक हवं ना तुम्हाला? शून्य म्हणजे पडलाच नाही. पडला. मी तिथं होते, तुम्ही झोपला होतात.”

दुपारपर्यंत तक्त्यातला तो चौकोन कोरा राहिला. संध्याकाळी मास्तरांनी पेन उचललं आणि लिहिलं: ‘मापात शून्य, काकूंच्या मते पाऊस.’

पंधरा दिवसांनी त्याच कारकुनाचं पत्र आलं. तक्ता मिळाला, नोंदी उत्तम आहेत, फक्त एका ठिकाणी खुलासा हवा: ‘काकूंच्या मते’ म्हणजे नक्की किती मिलिमीटर? मास्तरांनी पत्र काकूंपुढे ठेवलं. काकूंनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाल्या, “लिहा, चार थेंब. दोन डावीकडे, दोन उजवीकडे.”

मास्तरांनी तसंच लिहिलं, एकही न वाढवता.